सगळ्यांनी माझ्याकडे बघा

हंगामाच्या ऐन महिन्यात माझ्या कामातल्या जोडीदाराने मनगट मोडून घेतलं आणि मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला जोडीला घेतलं. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. मी फुकट शिकवीन.

मी कार्यक्रमांचे फोटो काढते. लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, डॉक्टरांच्या परिषदा, निवृत्तीचे समारंभ. कुणाची नोकर नाही, बोलावतील तिथे जाते. वर्षातले बरेच महिने माश्या मारायच्या आणि या एका महिन्यात घास गिळायलाही उसंत नाही, असा हा धंदा. मोठ्या कार्यक्रमाला दोन कॅमेरे लागतात. मुख्य समोर उभा राहतो, दुसरा कडेकडेने फिरतो. माझा दुसरा म्हणजे उंट. ताडमाड उंच आहे म्हणून सगळे त्याला उंटच म्हणतात. महिन्याच्या पहिल्याच लग्नात मागे मागे सरकत फोटो घेता घेता तो स्टेजवरून खाली गेला. कॅमेरा वाचवला, मनगट गेलं. आमच्या धंद्यात याला शहाणपणा म्हणतात.

"बारकीला घे की," आई म्हणाली. "नाहीतरी ती घरीच आहे."

बारकी म्हणजे आमचं शेंडेफळ. तिचं ऑफिस बंद पडल्यापासून ती आईकडेच होती. एकीकडे नोकरीचे अर्ज आणि दुसरीकडे माझा जुना कॅमेरा गळ्यात घालून बागेतल्या म्हाताऱ्यांचे फोटो, असं तिचं चाललं होतं. मी म्हटलं, चला, घरचंच माणूस आहे, सांगितलेलं ऐकेल.

आणि तिने ऐकलं, हेच तर दुखणं आहे. मी तिला आमच्या कामाच्या रीती सांगितल्या. फोटो जातात ते मुख्य माणसाच्या नावाने. दुसऱ्याने गिऱ्हाइकाला आपला नंबर द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रुप फोटो. समोर दोन कॅमेरे दिसले की लोकांचे डोळे वाटले जातात, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. म्हणून मुख्य माणूस ग्रुप घेत असताना दुसऱ्याने कॅमेरा खाली करायचा, अगदी कमरेपर्यंत. बारकीने मान डोलावली. तिने एकदाही चूक केली असती ना, तर मी किती आनंदाने तिला झापलं असतं!

दातांच्या डॉक्टरांची परिषद होती. हे लोक आयुष्यभर दुसऱ्यांना 'आ' करायला लावतात आणि फोटोत स्वतः ओठ घट्ट मिटून उभे राहतात. मी शिडीवर चढले, हात वर केला आणि नेहमीसारखी ओरडले, "सगळ्यांनी इकडे बघा! माझ्याकडे, माझ्याकडे!" तेवढ्यात सगळे दातवाले एकदम हसले. मी पटापट फोटो घेतले आणि खूश होऊन खाली उतरले.

घरी येऊन फोटो मोठे करून बघते तर सगळ्यांचे डोळे माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे. एकूण एक दातवाला हसतोय, पण माझ्याकडे बघून नाही.

"तू कॅमेरा वर धरला होतास?" मी बारकीला फोनवर विचारलं.

"नाही गं ताई. तू सांगितलंस तसा कमरेशी होता. मी नुसती उभी होते."

मी लेन्सला नावं ठेवली, शिडीला ठेवली, तिथल्या दिव्यांनाही ठेवली. "नाचता येईना..." असं नवरा म्हणाला आणि पुढचं न बोलता चहा घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढी अक्कल त्याला आली आहे.

पुढच्या कार्यक्रमात मी मुद्दाम लक्ष ठेवलं. बारकी काही करत नव्हती. विनोद सांगत नव्हती, हातवारे करत नव्हती. ती माणसांकडे बघायची, एवढंच. एखाद्या आजीबाईंचा पदर नीट करायची, एखाद्या अवघडलेल्या पाहुण्याशेजारी घटकाभर उभी राहायची. मग कॅमेरा उचलायची. आणि ती माणसं तिच्याकडे अशी बघायची की जणू वर्षानुवर्षांची ओळख आहे. मी दोन दशकं शिडीवर चढून घसा फोडतेय आणि ही कालची पोरगी नुसती उभी राहते! माझ्या अंगाचा अगदी तिळपापड व्हायचा. निवड करायला बसले की मी तिचे फोटो आधी बघायचे, एखादा वाईट सापडेल म्हणून. डोकी कापली गेलेले तिचे फोटो सापडले की मला काय बरं वाटायचं! ते मी आईला दाखवायचे.

"शिकेल हळूहळू," आई म्हणायची, आणि चष्मा लावून तिचेच बाकीचे फोटो बघत बसायची.

मग एकदा मॅडमचा फोन आला. या मॅडम मोठे कार्यक्रम आखून देतात, आणि माझं वर्षातलं निम्मं काम त्यांच्याकडून येतं. त्या फार कौतुक करत नाहीत. फोटो बरे आले तर 'मिळाले' म्हणतात.

"निवृत्तीच्या समारंभातला तो फोटो," त्या म्हणाल्या, "ते गृहस्थ भाषण संपल्यावर कोपऱ्यात चष्मा पुसतायत तो. तुम्ही काढलात?"

"आमच्याच टीमने," मी म्हटलं.

"म्हणजे ती मुलगी. मला वाटलंच. तिचा नंबर द्या ना. माझ्याकडे लहान कामं खूप असतात, तुम्हाला बोलावण्यासारखी नसतात. ती एकटी करेल."

मला विचार करायला वेळ लागला असता तर बरं झालं असतं. पण लागला नाही. "ती काय, या महिन्यापुरतीच आहे," मी म्हटलं. "पुढे नोकरीला जाणार आहे. हे काम ती करणार नाही."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या आणि विषय बदलला.

आता यात मी फार मोठं खोटं बोलले असं मला वाटलं नाही. अर्ज तर ती करतच होती. कधीतरी लागलीच असती नोकरी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढंच झालं.

त्यानंतर आठवडाभराने, एका सभागृहाच्या मागच्या खोलीत आम्ही बॅटऱ्या बदलत बसलो होतो. बारकी म्हणाली, "ताई, मला एक नोकरी मिळतेय. दुसऱ्या गावात. गोदामाच्या ऑफिसात दिवसभर आकडे भरायचे. राहायला तिथेच खोली."

"मग? छान की."

"छान काय त्यात?" ती बॅटरी हातात फिरवत राहिली. "मला हे आवडायला लागलंय. पण आवडणं वेगळं. सोमवारपर्यंत कळवायचंय त्यांना. तू खरं सांग, मला हे जमेल? तू हो म्हणालीस तर मी त्यांना नाही कळवते."

बारकी लहान असताना मी काठावर उभी राहून 'खोल नाही' म्हटलं की ती डोळे मिटून पाण्यात उडी मारायची. तिने कधी पाय टेकवून बघितला नाही. अजूनही ती तशीच आहे. माझ्या एका शब्दावर तिचं सगळं पुढचं ठरणार होतं आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"हौस वेगळी आणि पोट वेगळं," मी म्हटलं. "बागेतल्या म्हाताऱ्यांनी पोट भरत नाही. इथे ओळखी लागतात, तुला कोण विचारतंय? नोकरी धर."

"बरं," ती म्हणाली. बॅटरी घातली, झाकण लावलं आणि बाहेर गेली. तिचा चेहरा पडला होता का, ते मी बघितलं नाही. मला माझं सामान आवरायचं होतं.

महिन्यातलं शेवटचं आणि सगळ्यात मोठं काम एका कारखान्याचं होतं, तेही मॅडमचंच. सगळे कामगार, साहेब, जुनी माणसं, सगळ्यांचा एक मोठा फोटो घ्यायचा होता. कारखान्याच्या रुंद पायऱ्यांवर लोक उभे राहणार आणि मी समोर अंगणात शिडीवर. मी आधीच ठरवलं होतं. बारकी माझ्या आसपास दिसताच कामा नये.

"तू वर गॅलरीत जा," मी तिला म्हटलं. "लोकांच्या पाठीमागून घे. काहीतरी वेगळं मिळेल."

"पाठमोरे?"

"हो, पाठमोरे."

ती गेली. मी शिडीवर चढले. वारा सुटला होता, केस तोंडावर येत होते. मी एका हाताने कॅमेरा सावरला, दुसरा हात उंच केला आणि पोटापासून ओरडले, "इकडे बघा! सगळ्यांनी माझ्याकडे!" आणि बघितलं हो, सगळ्यांनी बघितलं. समोर दुसरं होतंच कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या घरी मोठ्या टेबलावर मी फोटो निवडायला बसले. शेजारी दिवाणावर बारकीची बॅग उघडी पडली होती. त्याच सकाळी तिने त्या गोदामवाल्यांना होकार कळवला होता. आई एकेक कपड्याची घडी घालत होती आणि काही बोलत नव्हती. आई बोलत नसली की घर मोठं वाटायला लागतं.

माझा ग्रुप फोटो उत्तम आला होता. प्रत्येक डोळा थेट माझ्या लेन्समध्ये. आणि प्रत्येक चेहरा ओळखपत्रावर असतो तसा. एकाचाही डोळा मिटलेला नाही, एकही माणूस हललेला नाही, आणि एकही जिवंत नाही. मी तो कितीतरी वेळ बघितला आणि मग बारकीच्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं.

पाठी, पाठी, टकलं, टोप्या. मला बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात तो आला.

पुढे शेकडो पाठी, सगळ्या धूसर. त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे शिडी, आणि शिडीवर मी. एकटी स्पष्ट. एक हात आभाळात, केस उडालेले, तोंड उघडं, ओरडता ओरडता हसणारी. मी हसत होते हे मलाच माहीत नव्हतं. या कामावर माझा एवढा जीव आहे हे तोंडावर दिसतं, हेही माहीत नव्हतं. जगात कुणीतरी मला असं बघितलं होतं, निवांतपणे, गर्दीतून नेमकं शोधून.

माझे फोटो नसतातच. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंत मी फोटोवाल्याला उजेड कुठून घ्यायचा ते शिकवताना दिसते. मग हा फोटो टाकून देणार कशी? मोठेपणाने ठेवला असं म्हणणार नाही. मला त्यात मी आवडले, म्हणून ठेवला. नुसता ठेवला नाही, सगळ्यांत वर ठेवला, आणि मॅडमना पाठवून दिला. बाकीचे सगळे फोटो नेहमीसारखे माझ्या नावाने गेले.

आम्ही रात्री जेवायला बसणार तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मी लेन्स पुसत होते. आईने सवयीप्रमाणे फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. घरातला कुणाचाही फोन ती तसाच घेते, तिला कानाशी धरून ऐकू येत नाही.

"पहिलाच फोटो!" मॅडमचा आवाज खोलीभर झाला. "कारखान्याचे साहेब वेडे झालेत. भिंतीवर मोठा करून लावणार म्हणतायत. कुणी काढला?"

मी लेन्सवर फुंकर मारली.

"तुम्ही तर त्यात आहात," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही नक्की नाही काढलात."

उंटाचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, खोटं का सांगू? पण त्याचा हात प्लास्टरमध्ये आहे हे मॅडमना ठाऊक होतं.

"माझ्या बहिणीने," मी म्हटलं.

"ती मुलगी तुमची बहीण? सख्खी? कमाल आहे तुमची! मी नंबर मागितला तेव्हा तुम्ही सांगितलंत, ती नोकरीला जाणार, हे काम करणार नाही. म्हणून मी गप्प बसले, नाहीतर पुढच्या महिन्याची माझी सगळी लहान कामं तिलाच देणार होते. अजून काही होऊ शकतं का? आहे का ती तिथे?"

बारकी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो सावकाश टेबलावर ठेवला.

"आहे मॅडम," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा होता. "मी तुम्हाला उद्या सकाळी फोन करते."

आईने फोन बंद केला. मग ती दिवाणाकडे गेली आणि घडी घातलेले कपडे बॅगेतून एकेक करून बाहेर काढायला लागली.

"त्यांना तू हे कधी सांगितलंस?" बारकीने विचारलं.

मी लेन्स पुसत राहिले.

"मी तुला विचारलं त्याच्या आधी?"

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे मला कोण विचारतंय हे तुला माहीत होतं."

ती ओरडली असती तर मला जमलं असतं. भांडणात मी तिच्याकडून कधी हरले नाही. पण ती नुसती उभी राहिली, दातवाल्यांच्या समोर उभी होती तशी, हात खाली सोडून.

"ताई," ती म्हणाली, "इकडे बघ. माझ्याकडे बघ."

लेन्स केव्हाच स्वच्छ झाली होती. मी ती पुन्हा पुसायला घेतली.