पाठीवरचं इंग्रजी

मी पाटी बोलतेय. द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर फुलांच्या गाळ्यात टांगलेली, भाव लिहायची पाटी. जरा तोऱ्यात बोलले तर सांभाळून घ्या. तेवढं कर्तृत्व आहे माझं.

शहाण्णव साली सावळीराम सुतारानं कुणाच्या तरी कपाटातून उरलेल्या प्लायवूडची मला बनवली आणि दोन्ही अंगांनी काळा रंग दिला. मखमलाबादच्या कलाबाईंनी मला गाळ्यात आणलं तेव्हा त्यांची लेक प्रतिभा शाळेत होती. आईला लिहिता येत नसे, म्हणून झेंडू, शेवंती, गुलाबाचे भाव लेकच खडूनं लिहायची. गिऱ्हाईक ते वाचायचं आणि वर पुन्हा विचारायचं, "कसे दिले?" माणसांची ही खोड काही जात नाही.

माझी पाठ मात्र कोरीच होती. पुढे प्रतिभा शेतकीची पदवीधर झाली. परदेशात फुलशेती शिकायला तिला जागाही मिळाली, पण इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण मिळाले तरच. पहिल्या खेपेला पोरगी निबंधात आपटली. जाडजूड पुस्तकातले शब्द तिनं घोकून घोकून निबंधात कोंबले होते. अंगी एकही लागला नव्हता. आता एकच संधी उरली होती, नाहीतर जागा जाणार.

तोंड पाडून बसलेल्या लेकीपुढे कलाबाईंनी मला उलटी करून ठेवली. "हितं लिही. मला समजून सांग. मला कळलं तरच पुसायचं."

मग काय, हार गुंफता गुंफता रोज शिकवणी. 'डिटिरिओरेट' झटक्यात पुसला गेला. दुपारची शेवंती समोरच मान टाकून पडली होती. 'सिग्निफिकंट' काही केल्या हटेना. 'अँबिग्युअस', म्हणजे ज्याचे दोन अर्थ निघतात, हे ऐकून कलाबाई म्हणाल्या, "म्हंजे 'येते जाऊन' म्हणणारं गिऱ्हाईक. येईल का नाय, देवाला ठाऊक." प्रतिभा हसत सुटली. परीक्षेत तोच शब्द तिनं बरोबर जागी बसवला.

दोन हजार चार साली निकाल लागला. हवे होते त्याहून जास्तच गुण मिळाले. कलाबाईंनी पहिला हार देवाला घातला आणि दुसरा मला. किती पाट्यांच्या नशिबी हार असतो, सांगा.

जायच्या सकाळी कलाबाईंनी विचारलं, किती दिवसांसाठी चाललीस. प्रतिभानं माझ्या पाठीवर लिहिलं, 'टेम्पररी'. "थोड्या दिवसांपुरतं, आई."

"नाय कळलं," कलाबाई म्हणाल्या आणि हार गुंफत राहिल्या.

गाळ्याचा परवाना वर्षानुवर्षं टेम्पररीच मिळतो. तो शब्द त्यांना लेकीच्या आधीपासून पाठ होता. पण नियम म्हणजे नियम, कळलं नाही तर पुसायचं नाही.

आता माझ्या कडा फुगल्यात, पापुद्रे सुटलेत. भाव लिहायला शेजारचा चहावाला बहिरू येतो. पुढून खडू हवा तेवढा चालवा, माझी ना नाही. फक्त पाठीला फडकं लावू नका. तिथला 'टेम्पररी' पुसायला लिहिणारीच यायची आहे.