पर्लाइनबाईंच्या पायरीपाशी

मित्रांनो, मी एक जुना जस्ती पत्र्याचा टब आहे. काठाला चेपलेला, रंगाने मळकट. पण हसू नका. किती थकलेले पाय माझ्या पोटात विसावले, ते देवच जाणे!

कारखान्यात ठोकून-वाकवून मला आकार दिला आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर पर्लाइनबाईंनी मला आपल्या हॉटेलात आणलं. हॉटेल कसलं, मोजक्या खोल्यांचं लाकडी घर! त्या काळी बाईंसारख्या काळ्या माणसांना आसपासच्या गोऱ्यांच्या हॉटेलांत खोली मिळत नसे. म्हणून बाईंचा नेम होता, दारी आलेल्याला माघारी धाडायचं नाही. आणि वाळूने भरलेले पाय धुतल्याशिवाय आत घ्यायचं नाही! म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय त्या स्वतः धूत. चर्चचे पाद्रीबाबा उपदेश करता करता जी चाल गाऊ लागत, तीच बाईंच्या ओठी असे. चर्चमध्येही वर्षातून एकदा सगळे एकमेकांचे पाय धूत. मात्र मनात अढी असेल, तर ती सोडायची आणि मगच पाण्यात हात घालायचा.

बाई देवाघरी गेल्या. अंगणात नळाचा फवारा आला आणि मी पायऱ्यांखाली कोळिष्टकांच्या स्वाधीन झालो. हॉटेल बाईंच्या दोन मुली चालवू लागल्या, थोरली आयडेला आणि धाकटी व्हर्लीन.

एका पावसाळी संध्याकाळी सगळ्या खोल्या भरलेल्या असताना एक कुटुंब भिजत आलं. व्हर्लीनने त्यांना आईची खोली उघडून दिली. आयडेलाने ती खोली देवघरासारखी जपली होती. झालं! दोघींचं बोलणं बंद. "त्या राणीसरकारांना सांगा, मीठ संपलंय," असले निरोप पाहुण्यांकरवी जाऊ लागले. त्या वर्षी चर्चच्या पाय धुण्याला आयडेला गेलीच नाही. शेवटी व्हर्लीनने बॅग भरली. ती गेली की हॉटेलला कुलूप लागणार, हे उघड होतं. एकट्या आयडेलाला तो पसारा झेपणारा नव्हता.

टॅक्सी यायची होती. व्हर्लीन समुद्राचा निरोप घेऊन अनवाणी परतली. तोच आयडेलाने मला फरफटत बाहेर काढलं आणि पाणी ओतलं.

"जायचं तर जा. पण ही वाळू इथली आहे, ती ठेवून जा. घाल पाय."

"नळ आहे ना, ताई."

"नळाला गाता येतं?"

व्हर्लीनने पाय घातले. दुखरे गुडघे टेकून आयडेला खाली बसली आणि आईची चाल गुणगुणू लागली.

"अगं, टब गळतोय!"

"मग पाणी सरायच्या आत बोल, काय सलतंय ते."

व्हर्लीन म्हणाली, "त्या पावसात त्यांचं लेकरू थरथरत होतं गं. आईने काय केलं असतं?"

आयडेलाचे हात थांबले. "खोली दिली असती," ती म्हणाली, "आणि आडवं येणाऱ्या मला दोन रट्टे!"

हॉर्न वाजला. व्हर्लीनने टॅक्सीवाल्याला ओरडून सांगितलं, "बॅगेला हात लावू नकोस रे बाबा! मासे तळतेय, जेवूनच जा. ताई, तू बस वर. आता तुझे पाय."

मित्रांनो, पडून पडून मला गंज चढला होता. त्या दोघींनाही चढू लागला होता. तुमच्या घरी कुणाशी अबोला असेल, तर हॉर्न वाजायची वाट पाहू नका. आजच पाणी कोमट करा, आणि आधी आपण खाली बसा.