एकशे पाचच्या अलीकडे

९८

“आई, आधी ते बंद कर बघू.”

“बंद केलं आणि परत सुरूच झालं नाही म्हणजे?” तिनं फोन खांद्याशी दाबून धरला, टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“कधीपासून तापतंय?” लेकीनं विचारलं.

“कालपासून.”

चार दिवस झाले होते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता. यंत्राच्या पोटात किती गरम आहे ते कळावं म्हणून नवऱ्यानं तो बसवून घेतला होता. एकशे पाचला यंत्र आपोआप बंद पडायचं. मागे एकदा पडलं तेव्हा दोन दिवस उठलं नव्हतं. पुन्हा तिथवर गेलं तर माझा भरवसा नाही, असं तो म्हणाला होता.

९९

नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. सगळी गल्ली त्याला थंडोबा म्हणायची. ती टायपिस्ट. दिवसा लोकांचे प्रबंध, आणि संध्याकाळी त्याच यंत्रावर त्याचं फ्रीजपुराण.

“लिही. तिसरा मजला. दार नीट लागत नाही. दोष फ्रीजचा नाही, बाई आपटतात.”

“असं कसं लिहू हो?”

“अगं, पुढच्या वेळी मला आठवायला नको?”

अठरा वर्षांचे फ्रीज त्या यंत्रात होते. शब्द त्याचे, बोटं तिची. तो गेल्यापासूनच्या चार महिन्यांत तिनं ते एकदाही उघडलं नव्हतं. आहेत, एवढं पुरे होतं.

१००

यंत्राच्या खाली चार बाटल्यांची बुचं, वारा खेळावा म्हणून. एका बाजूचा पत्रा काढून तिथे तिचा फाटका नायलॉनचा मोजा ताणलेला, धूळ जाऊ नये म्हणून. मागे बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं नरसाळं. मेलेल्या कुठल्याशा फ्रीजमधला पंखा, कपड्यांच्या दोन चिमट्यांनी धरलेला. प्रत्येकावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर त्याच्या तिरक्या अक्षरात: काढू नये.

“दुकानात दे ना, आई.”

“दुकानवाले हे सगळं कचऱ्यात टाकतील.”

“टाकू देत की!”

“दारात कोणीतरी आलंय,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. दारात कोणी नव्हतं.

१०१

बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या तिनं टेबलफॅनसमोर उभ्या केल्या. ही युक्तीही त्याचीच. गार वारा यंत्रावर आला. शंभर. नव्व्याण्णव.

“उतरला!” ती मोठ्यानं म्हणाली, आणि टाळीसाठी हात पुढे केला.

हात तसाच राहिला.

१०२

हे एकशे दोन यंत्राचं नव्हे.

चार महिन्यांपूर्वी तो त्या पलंगावर होता, आणि हाच टेबलफॅन, याच बाटल्या. कपाळावर ओली पट्टी. पाय बादलीत.

“डॉक्टरकडे जाऊ या हो.”

“जन्मभर गरमी उतरवायचा धंदा केला मी. आता माझंच मशीन दुसऱ्याकडे नेणार? गल्ली हसेल.”

ती हसली होती. या घरात नळापासून चष्म्याच्या दांडीपर्यंत काहीही कधी बाहेर दुरुस्तीला गेलं नव्हतं. ताप उतरला की दोघं टाळी द्यायची. चढला की तो म्हणायचा, अजून एक बाटली लाव.

असे चार दिवस.

१०२

हे यंत्राचं.

तिनं टॉवेल ओला करून घट्ट पिळला आणि पत्र्यावर घडी करून ठेवला. सवयीनं कडा नीट केल्या. भुवयांवर येऊ नयेत, अशा.

१०३

थर्मामीटरचं माप वेगळं आणि कॉम्प्युटरचं वेगळं, हे लेकीनं तिला समजावलं होतं. तिला ते कळतही होतं. पण आकडे तेच होते आणि त्याच क्रमानं येत होते.

पंख्याला धाप लागली.

“अगं, घाबरतेस काय? अजून एक बाटली लाव.”

आवाज टेबलाखालून आला की पलंगाकडून, ते तिनं वळून पाहिलं नाही. ती निमूट फ्रीजकडे गेली. शेवटची बाटली घेतली आणि खोलीच्या मध्यावर उभी राहिली. बोटं बधिर झाली.

इस्पितळात नर्सनं विचारलं होतं, “ताप कधीपासून आहे?”

“कालपासून,” ती म्हणाली होती. चार दिवस म्हणायची लाज वाटली.

तेव्हा त्यानं डोळे उघडले. गिऱ्हाईक फ्रीजबद्दल खोटं बोललं की तो जसा बघायचा, तसं तिच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. नुसतं, कळलंय मला, एवढंच.

“एकच बाटली,” आवाज म्हणाला. “उतरेल बघ.”

“नाही हो,” ती म्हणाली. “नाही उतरत.”

तिनं यंत्र बंद केलं.

१०४

हा आकडा तिनं एकदाच पाहिला होता, थर्मामीटरवर. दुसऱ्यांदा बघायला थांबली नाही.

आकडा नाही

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. कोरड्या टॉवेलात गुंडाळून ती यंत्र कडेवर घेऊन गेली.

“अगंबाई! हे काय प्रदर्शन!” दुरुस्तीवाली तोंडातला स्क्रूड्रायव्हर काढत म्हणाली. “चिमटे काय, मोजा काय! कोणी केलंय?”

“घरातल्यांनी.”

“डोकं आहे हो. पण आतला गरमी ओढून घेणारा मलम पार सुकलाय, वरून किती वारा घाला.” तिनं वाकून पट्टी वाचली. “इथे तर ‘काढू नये’ लिहिलंय. काढू का?”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“काढा.”

“तापतंय कधीपासून?”

तिनं टॉवेलाची घडी घातली.

“चार दिवस.”

दुरुस्तीवालीनं मानही वर केली नाही. “मग वेळेत आणलंत. लोक महिना महिना काढतात. बसा.”

ती स्टुलावर बसली. बुचं, चिमटे, नरसाळं एकेक करून बाहेर आलं. तिनं ते पदरात घेतलं. मोज्यातली धूळ दुरुस्तीवालीनं दाराबाहेर झटकली.

बऱ्याच वेळानं पडदा उजळला. कोपऱ्यात एक्केचाळीस. फ्रीजपुराण जागच्या जागी होतं.

“हात लावून बघू?” तिनं विचारलं.

“आकडा दिसतोय की, काकू.”

“तरी.”

तिनं उलटा हात पत्र्याला लावला. पत्रा गार होता. दुरुस्तीवाली दुसऱ्या कामाला लागली, तरी तिनं हात काढला नाही.