बाटली भिंतीवर, पाणी वाटीत

सांगवीच्या बापूसाहेबांना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप आणि दुसरी म्हणजे उतारवयात झालेला मुलगा, सावळा. जीप सुरू झाली की अर्ध्या गावाला खोकला येई, आणि सावळाला शिंक आली की उरलेल्या अर्ध्या गावाला बापूसाहेब ती बातमी सांगत.

छप्पन सालच्या वैशाखात घरात आदल्या दिवशीचा आमरस खाल्ला गेला आणि सकाळपर्यंत दोन लेकरं आजारी पडली. दीड वर्षाचा सावळा आणि बापूसाहेबांच्या धाकट्या भावाची, जयवंताची, तेवढ्याच वयाची शकू. दोघांनाही जुलाब आणि उलट्या. दोघांचेही डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते. फरक एवढाच, की सावळासाठी जीप बाहेर निघाली आणि शकूसाठी कुणी उठलं नाही.

"दादा, शकूलाबी घेऊन चला की बारामतीला," जयवंता म्हणाला.

"पोरीची जात चिवट असती. आन् गाडीत जागा कुठं हाय?"

जागा खरंच नव्हती. बापूसाहेब, त्यांची बायको द्वारकाबाई आणि सावळा यांच्याखेरीज चावडीवरचे दोन रिकामटेकडे आणि डॉक्टरांना भेट द्यायची आंब्यांची पाटी एवढे सगळे गाडीत बसले होते.

तेवढ्यात सरकारी नर्स सिंधुबाई आल्या. गावात त्यांची बदली होऊन सहा महिने झाले होते, आणि बाळंतपणाशिवाय त्यांना कुणी काही विचारत नसे. त्यांनी दोन्ही लेकरांच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. वर आलेली घडी लगेच मिटली नाही, सावकाश खाली बसली.

"दोघांचं पाणी बरंच गेलंय, पण दोघंही शुद्धीवर आहेत, गिळतायत," त्या म्हणाल्या. "अर्धा शेर उकळून निवलेलं पाणी घ्या. तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ आणि मूठभर गूळ घाला. चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. चमच्या-चमच्यानं पाजत राहा. उलटी झाली तर जरा थांबा आणि पुन्हा पाजा."

बापूसाहेब हसले. "पाणी पाजायला नर्स कशाला लागती, बाई? ते तर आमी म्हशीलाबी पाजतो."

"म्हशीला तहान लागली की पाजता. लेकराला जुलाब लागले की मात्र पाणी तोडता."

चावडीवरच्या एकाला हसू आलं, ते त्यानं उपरण्यात दाबलं. बापूसाहेबांनी गाडी सुरू करायला सांगितली.

शकूची आई मुक्ताबाई चुलीपाशी बसली. पहिले चार चमचे शकूनं ओकून टाकले. मुक्ताबाईचा धीर सुटला. "राहतच न्हाय ओ पोटात."

"थोडं राहतंच. दहा मिनिटं थांबा," सिंधुबाई म्हणाल्या. "इंदापूरला कॉलऱ्याच्या साथीत बाटल्या संपल्या, तेव्हा मी असंच पाजलंय. आणि ही बेशुद्ध व्हायला लागली, तर मीच बैलगाडी जुंपायला लावीन. सुईची गरज तेव्हा लागते."

दुपार होईतो शकू चमचा ओढून घ्यायला लागली. आईच्या मांडीवर तिनं लघवी केली, आणि असं लुगडं भिजल्यावर मुक्ताबाई इतकी कधी हसली नव्हती.

तिकडे बारामतीला, पेठेतल्या डॉक्टरांनी सावळाच्या दोन्ही मांड्यांत जाड सुया खुपसल्या आणि खारट पाण्याची बाटली भिंतीच्या खिळ्याला टांगली. "तोंडानं थेंब द्यायचा नाही," असं बजावून ते जेवायला घरी गेले. बापूसाहेब बाकावरच्या इतर पेशंटांना बाटली दाखवत राहिले, जणू ती त्यांच्याच मळ्यात पिकली होती. मग तेही तिथंच घोरू लागले.

बाटली उतरत नव्हती. पाणी कातडीखाली साचून मांड्या दुधीभोपळ्यासारख्या फुगल्या होत्या. सावळा रडून दमला होता आणि चादरीचं ओलं टोक चोखत होता. द्वारकाबाई ते पाहून उठली. दवाखाना झाडणारी दगडाबाई दाराशी उभी होती.

"शेजारच्या चहावाल्याकडनं उकळलेलं पाणी आन् गूळ आणती का, बाई? मीठ माझ्या भाकरीच्या फडक्यात हाय," द्वारकाबाई तिला हळूच म्हणाली.

दगडाबाईनं घोरणाऱ्या बापूसाहेबांकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता गेली. सकाळी जीपमध्ये बसून ऐकलेलं सगळं द्वारकाबाईच्या ध्यानात होतं. पाणी निववून, चाखून ती पदराआड सावळाला पाजत राहिली, चार वाजेपर्यंत.

डॉक्टर आले तेव्हा पोराच्या डोळ्यांत तेज आलं होतं आणि बिछाना ओला झाला होता. बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी तसंच होतं. ते कुणी बघितलं नाही.

"बघितलंत? सलाईनचा गुण," डॉक्टर म्हणाले. बापूसाहेबांनी त्यांना हार घातला.

पुढं सावळाच्या डाव्या मांडीत गळू झालं. आठ दिवस पोटीस बांधून शेवटी ते फोडावं लागलं. शकू तोवर अंगणात कोंबड्यांच्या मागं धावत होती. "औषध जालीम असलं की असं व्हतंच," बापूसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

श्रावणात सावळाचं पोट पुन्हा बिघडलं. बापूसाहेब टोपी घालून जीपकडं निघाले. द्वारकाबाई जागची हलली नाही. तिनं चुलीवर पाणी ठेवलं होतं.

"गाडीत बस म्हणतो न्हवं मी?"

"न्हाय बसत." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिशी बाटली भिंतीवर व्हती. पाणी मी पाजलं, तुमी घोरत असताना. दगडाबाईला इचारा."

बापूसाहेब उंबऱ्यात उभे राहिले. घरात जयवंता होता, मुक्ताबाई होती, आणि दोघंही खाली बघत होती. बापूसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि शेताकडं चालते झाले. संध्याकाळपर्यंत सावळा सावरला.

आठवड्यानं चावडीवर कुणाच्या तरी नातवाच्या जुलाबांची गोष्ट निघाली. बापूसाहेब पुढं सरसावले. "सुईच्या नादाला लागू नका. मीठ-गुळाचं पाणी पाजा. आमच्या घरात ही रीत आजा-पणजापासून हाय."

सिंधुबाई तिथूनच चालल्या होत्या. त्यांनी ते नीट ऐकलं. इतके महिने घसा फोडून जे गावाला पटलं नव्हतं, ते या माणसाच्या एका थापेनं पटत होतं. गावाची अक्कल ती एवढीच. त्या थांबल्या, फक्त म्हणाल्या, "मीठ चिमूटभरच, बापूसाहेब. पणजोबांनी तेवढंच सांगितलं असेल." आणि त्या नातवाचं घर कोणतं, ते विचारून तिकडं गेल्या.