यंत्राच्या टप्प्यात

टोलागा बे गावाच्या वरच्या डोंगरांत पाओरानं तीस वर्षं हातातल्या चेनसॉ करवतीनं पाइनची झाडं पाडली होती. आता तिथं यंत्र आलं होतं. माथ्यावरच्या दुसऱ्या यंत्राला पोलादी दोरानं बांधलेलं ते धूड उभ्या उतारावर उतरायचं, खोड पंजात पकडून बुंध्याशी कापायचं आणि हवं तिथं आडवं करायचं. चालवायची त्याची भाची, मेरेआना. यंत्र पोचत नाही तिथली झाडं अजून पाओराच पाडायचा.

"सपाटीवरची यंत्रं चार-चार झाडं कवेत घेतात म्हणे. तुझं एकेकच?" पाओरा चिडवायचा.

"सपाटीवर तूही घेशील, मामा. इथं एक घेऊन दाखव!"

यंत्रापासून दोन झाडांच्या उंचीइतक्या अंतरात पायी जायचं नाही, हे नव्या माणसांना पाओराच बजावायचा. पण त्या मंगळवारी खोडात ठोकायच्या, खाली विसरलेल्या पाचरी आणायला, वळसा वाचवायचा म्हणून, तो स्वतःच आत घुसला. मान वर केली तर पंजातलं झाड त्याच्याच बाजूला झुकत होतं. मेरेआनाला झुडपांत नारिंगी जाकीट दिसलं. तिनं पंजा गर्रकन फिरवला. झाड खडकावर आदळलं, पंजाची करवत वाकली, तेलाच्या नळ्या फुटल्या. पाओरा ओढ्यातून पसार झाला.

मुकादम क्लाइव्ह तणतणत आला; गोळा झालेल्यांत पाओराही वळसा घेऊन येऊन उभा राहिला. "काय, भूत दिसलं?"

"माणूस होता खाली."

"पाओरा, तू होतास?"

"मी? मी चहा पीत होतो."

मेरेआनानं मामाकडे एकदा पाहिलं. क्लाइव्हनं तिला यंत्रावरून उतरवलं आणि ओंडक्यांवर खुणा करायला बसवलं.

पुढचे दोन दिवस चहाच्या सुट्टीत मेरेआना सवयीनं पाओरासाठी पावाचा तुकडा ठेवायची. तो घ्यायला त्याचा हात पुढे होईना. शुक्रवारी सकाळी कामाआधी सगळे गोळा झाले, तेव्हा तो उभा राहिला.

"तो मी होतो. तिनं मला वाचवलं, आणि मी खोटं बोललो."

क्लाइव्हनं दुरुस्त झालेल्या यंत्राची किल्ली मेरेआनाला परत दिली आणि पाओराच्या चेनसॉसाठी हात पुढे केला. पाओरानं ती त्याच्या हवाली केली आणि घरी जायला निघाला.

ट्रकपाशी मेरेआना आली. त्याची नजर बुटांवरून हलेना.

"तू खोटं बोललास, ते मी गिळलं असतं, मामा," ती म्हणाली. "पण काल रात्री मलाच वाटायला लागलं, मला खरंच भास झाला असेल. यंत्रावर परत बसायची भीती वाटत होती मला."

ती उतारावर चढून गेली. यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, तरी पाओराला वर बघवलं नाही.