पोचा काढलेलं माप

कडधान्यवाल्या बायकांच्या ओळीत तराजू नव्हता. पत्र्याचं माप भरायचं, तळहाताने सपाट करायचं आणि वर एक पसा टाकायचा, झालं. नियम एकच: कुणी ओळीपेक्षा जास्त द्यायचं नाही. जी देईल तिने महिनाभर मासळीच्या कोपऱ्यात बसायचं. तिथे गिऱ्हाईक नाक धरून येतं आणि तसंच निघून जातं.

भिंगरीला हे तोंडपाठ होतं. त्या सकाळी मावशी दात काढायला निघाली. जाताना म्हणाली, "दुपारपर्यंत सांभाळ. जमलं तर दर रविवारी तूच बसायचंस."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पोती उचलायला आहेसच की."

मावशीची पाठ वळली आणि भिंगरीने माप हातात घेतलं. त्याच्या अंगाला चांगला अंड्याएवढा पोचा होता. इतक्या मोठ्या जबाबदारीला असलं माप? तिने वाटाणेवालीच्या पोत्यावरचा गोटा मागून आणला आणि आतून ठाकठोक करून पोचा पार काढून टाकला. माप कसं गुळगुळीत दिसायला लागलं.

पहिलं गिऱ्हाईक बिनपोच्याचं माप बघूनच खूश झालं. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. अर्ध्या तासात भिंगरीसमोर ही रांग, आणि बाकीच्या बायका माश्या मारत बसलेल्या.

"काय गं भिंगरे," वाटाणेवाली कमरेवर हात ठेवून आली, "मावशीने दहा वर्षं तो पोचा लेकरासारखा जपला. आज तिचा दात गेला, उद्या जागा जाईल."

भिंगरीने माप खाली ठेवलं. रविवार तर गेलाच, पण मावशीसुद्धा मासळीत?

"ओरडू नकोस," ओळीतली सगळ्यात जुनी मसूरवाली आजी म्हणाली. "मडकं काढा."

ओळीचं एक मडकं होतं, आतल्या बाजूला रेघ मारलेलं. भांडण झालं की ते बाहेर यायचं. भिंगरीची चवळी घेऊन आधी वाटाणेवालीने आपलं माप ओतलं. तिचं माप मोठं, हात बाहुलीचा. पसा टाकला आणि चवळी बरोब्बर रेघेला लागली. मडकं रिकामं केलं. आजीचं माप लहान, पण बोटं लांबलचक. तीही रेघेलाच.

मग भिंगरी. तिचं नुसतं मापच कुणाच्याही मापापेक्षा वर गेलं. वाटाणेवालीने मासळीच्या कोपऱ्याकडे सूचक नजर टाकली. भिंगरीने डोळे मिटून पसा भरला. तिच्या हाताला मैत्रिणी चमचा म्हणायच्या. त्या चमच्यातून जेवढे पडले तेवढे दाणे पडले.

"रेघेला आली," आजी म्हणाली.

"दोन दाणे जास्त आहेत," वाटाणेवाली वाकून बघत म्हणाली.

आजीने ते दोन दाणे उचलून तोंडात टाकले. "आता?"

वाटाणेवाली गोटा घेऊन जागेवर गेली.

एवढ्यात मावशी आली, गाल फुगलेला, तोंडात कापूस. हकीकत ऐकून तिने तेच माप भरलं आणि आपल्या फावड्यासारख्या हाताने पसा टाकला. चवळी रेघेच्या दोन बोटं वर गेली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"हे माप आता पोरीच्या हाताचं झालं," आजीने निकाल दिला. "तू दुसरं शोध. तोवर हात मांडीवर ठेवायचा."

मावशी कापसातून बरंच काही बोलली. त्यातलं काही कौतुक नव्हतं.

तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक आलं. सवयीने मावशीचा हात मापाकडे गेला, पण भिंगरीने ते आधीच आपल्या मांडीवर घेतलं होतं.

"तू बोलू नकोस मावशी, टाके दुखतील," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. "बोला काकू, किती मापं?"