पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये

मी कॉलेजला जात नाही, हे बाबांना आज दुपारी सव्वा वाजता कळलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलं नाही, बाबांना काही माहीत नाही, आणि मी दुसऱ्या वर्षात शिकतोय.

खरं म्हणजे मी लिफ्ट दुरुस्त करतो. पहिल्या वर्षी चार महिने वर्गात बसलो. तेवढ्या काळात मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. एकदा फक्त पंखा बंद करायला सांगितलं. मग एका लिफ्टवाल्या उस्तादांकडे सहज गेलो, तर त्यांनी पहिल्याच दिवशी मोटर उघडून पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "सांग, ही का रुसली?" मी तासभर डोकं खाजवून उत्तर दिलं. चुकलं. पण विचारलं तरी! तेव्हापासून मी दप्तरात पक्कड घालून रोज 'कॉलेजला' निघतो. उस्ताद मला पदवीधर म्हणतात.

घरी सांगायची सोय नव्हती. बाबांनी बावीस वर्षं दोरावर लटकून इमारती बाहेरून रंगवल्या. एकदा दोर सुटला, तेव्हापासून एक पाय ओढत चालतात. त्यांची इच्छा एकच, पोराचे पाय जमिनीवर असावेत. त्यांच्या लेखी कॉलेज म्हणजे जमीन.

आज काम निघालं ते नेमकं माझ्याच कॉलेजच्या लिफ्टचं. उस्ताद वर मशीनच्या खोलीत गेले आणि मला मजल्या-मजल्यावर 'काम चालू आहे, लिफ्ट वापरू नये' अशी पाटी लावायला धाडलं. चार मजले झाले. पाचव्यावर, ऑफिससमोर, माझे जुने सर उभे. त्यांनी मला सात जन्मांत ओळखलं नसतं, पण भीतीला कुठे अक्कल असते? मी पाटी काखेत मारून जिन्याने पळालो आणि वर ओरडलो, "सगळ्या लावल्या!"

उस्तादांनी वीज तोडली. लिफ्ट पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली, आणि आतून कुणीतरी दार बडवायला लागलं.

"अहो, कुणी आहे का?"

आवाज बाबांचा होता.

अशा वेळची आमची रीत ठरलेली आहे. वर उस्ताद ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवतात, लिफ्ट वीत-वीत सरकते. एक जण पट्टा बांधून लिफ्टच्या टपावर उभा राहतो. उस्ताद हाक देतात, "सोडतोय!" टपावरचा ओरडून "सोडा!" म्हणेपर्यंत चाक हलत नाही. या नियमामुळे उस्तादांची दहाही बोटं शाबूत आहेत.

मी टपावर उतरलो. पायाखाली पत्रा, पत्र्याखाली बाबा.

"आलात का मिस्त्री? लवकर करा हो. बंद जागेत मला गुदमरतं."

मी पत्र्यावर ठकठक केलं.

"सोडतोय रे पदवीधर!" वरून उस्ताद.

"पदवीधर?" त्या अंधारातही बाबांना बरं वाटलं. "बघा! लिफ्टच्या कामालाही आता पदवी लागते. माझा मुलगा इथेच आहे, दुसऱ्या वर्षाला. आत्ता वर्गात असेल. म्हटलं ऑफिसात विचारावं कसा शिकतोय, तर तिथल्या बाई जेवायला गेलेल्या."

ठकठक.

"ठकठक काय करतोस? तोंड आहे ना?" उस्ताद गरजले.

मी नाक दाबून घोगरं म्हणालो, "सोडा."

"कोण रे तो? पदवीधर कुठाय? त्याचा आवाज आल्याशिवाय चाक फिरणार नाही!"

"मिस्त्री..." खालचा आवाज बारीक झाला होता. "जरा धाप लागलीय."

मग दार बडवणं थांबलं. ते बडवत होते तोवर मी माझ्यासाठी घाबरत होतो. आता त्यांचा तो पाय फरशीवर घसरत गेल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

घरी न्हाणीतून बाबांकडे टॉवेल मागतो त्या आवाजात मी ओरडलो, "सोडा उस्ताद! सोडा!"

लिफ्ट वीतभर खाली गेली. "सोडतोय!" "सोडा!" आणखी वीतभर. चार वेळा ओरडलो, चारही वेळा खाली चिडीचूप. मी पत्र्यावर गुडघे टेकले.

"बाबा?"

मी मुठीने पत्रा बडवला.

"बाबा!"

"पट्टा बांधलायस?" खालून बाबा.

"हो."

"ओढून बघ."

मी ओढून बघितला. कडी खणखणली.

"धाप कशीय?"

"माझं सोड. दार उघडलं की बोलू आपण." हे ते ओरडून म्हणाले असते तर चाललं असतं. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात ना, तसे म्हणाले.

चौथा मजला आता दोन वितींवर आहे. उस्तादांची हाक आली आहे, आणि नियमाप्रमाणे मी उत्तर द्यायचं आहे.

प्रति,
माननीय बांधकाम परवाना अधिकारी,

विषय: वाढीव मजले मंजूर करण्याबाबत.

महोदय, सदर इमारतीत पाचव्या व चौथ्या मजल्याच्या दरम्यान किमान अकरा मजले तातडीने मंजूर करावेत. अर्जदार व त्याचे वडील सध्या मार्गात असल्याने बांधकाम पुढील हाकेपूर्वी पूर्ण व्हावे, ही नम्र विनंती.